कार्मागेडन: टकरींचा गेम बनवणाऱ्याने त्यातून काय उचलावे

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी युनिटीमध्ये (गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) गाड्यांच्या मारामारीचा गेम करायचा आहे. मार्गदर्शकांनी १९९७ चा ‘कार्मागेडन’ हा गाड्या ठोकण्याचा आणि पादचारी उडवण्याचा शर्यतीचा गेम पाहायला सांगितले. इंटरनेटवर त्याच्याबद्दल सापडते ते सगळे रक्तपात आणि बंदीबद्दल. मग तो आज चालवायचा कसा, त्यात शिकण्यासारखे काय आहे, आणि त्या वादाचा आपल्याशी काही संबंध आहे का?

आधी निकाल सांगून टाकतो. कार्मागेडनला बातम्यांत नेले ते पादचाऱ्यांच्या रक्ताने, पण लोक तो खेळत राहिले ते गाडीच्या भौतिकीमुळे, म्हणजे वजन, वेग आणि टकरी यांच्या हिशेबामुळे. त्यातली गाडी जड वाटते, आपटली की चेपते, चाक वाकले की एका बाजूला ओढते, आणि हे सगळे एका साध्या मजकूर फाइलमधल्या आकड्यांवर चालते. अभ्यास त्या फाइलचा करा.

आज चालवायचा कसा

मूळ गेम डॉस या जुन्या संगणक प्रणालीचा. ६४-बिट विंडोज डॉसचे प्रोग्रॅम थेट चालवत नाही, त्यामुळे जुन्या सीडीवरची फाइल डबल-क्लिक करून काही होणार नाही. दोन रस्ते आहेत. पहिला डॉसबॉक्सचा, म्हणजे आजच्या संगणकावर डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचा. गॉग या ऑनलाइन गेम-दुकानात हा गेम ‘स्प्लॅट पॅक’ या पुरवणीसकट मिळतो आणि डॉसबॉक्स सोबतच येतो. स्वतः मांडणी करणार असाल तर सेटिंग फाइलमध्ये core=dynamic आणि cycles=max ठेवा. आवाज फाटू लागला किंवा चित्र अडखळले तर max काढून fixed ८०००० पासून सुरुवात करा आणि गेम चालू असताना कंट्रोल-एफ११ ने कमी, कंट्रोल-एफ१२ ने जास्त करत नेमकी जागा शोधा. गेम मुळात ३२० बाय २०० वर उघडतो. सुरू करताना -hires जोडले की ६४० बाय ४८० मिळते. गाडीच्या पत्र्याची चेप नीट बघायची असेल तर हे हवेच.

दुसरा रस्ता तुमच्यासाठी जास्त कामाचा: ‘डेथरेस’ नावाचा मुक्त स्रोत प्रकल्प. स्प्लॅट पॅकच्या सीडीवर डीबगिंगची चिन्हे असलेली एक फाइल चुकून राहून गेली होती. तिच्यात फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची मूळ नावे होती. त्या नावांच्या आधाराने गेमचा सी भाषेतला कोड जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा उभा केला गेला. प्रोग्रॅम बनवून तो मूळ गेमच्या DATA फोल्डरशेजारी ठेवायचा, बस्स. गेम विकत घेतला नसेल तर त्या काळच्या डेमोचा डेटाही चालतो. गेमचा रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, आर्गोनॉट कंपनीचे ‘बीरेंडर’. त्याचाही स्रोत २०२२ मध्ये खुला झाला, त्यामुळे आज वरपासून खालपर्यंत सगळे वाचता येते. १९९७ च्या फार थोड्या व्यावसायिक गेमांबद्दल असे म्हणता येईल.

एक किरकोळ अडचण: मूळ कळा न्यूमेरिक कीपॅडवर आहेत. लॅपटॉपला कीपॅड नसेल तर पहिल्यांदा ऑप्शन्समध्ये जाऊन त्या बदला. बॅकस्पेस दाबल्यावर गाडी दुरुस्त होते आणि इन्सर्ट दाबल्यावर अडकलेली गाडी उचलून रस्त्यावर ठेवली जाते. दोन्हींचे क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, कापले जातात.

गाडीची फाइल

DATA मधल्या CARS फोल्डरमध्ये प्रत्येक गाडीची एक .TXT फाइल असते. उघडली तर प्रत्येक ओळ @ ने सुरू होणारा कचरा दिसेल. ते साधे एक्सॉर करून (अक्षरांचे बिट एका किल्लीने उलटवून) झाकलेले आहे. उलगडणारी छोटी अवजारे चाहत्यांनी कधीच बनवून ठेवली आहेत. बदल केल्यावर फाइल परत त्याच रूपात ठेवायची.

आत शिरलात की ‘मेकॅनिक्स’चा भाग शोधा. चार चाकांच्या जागा, वस्तुमानाचा केंद्रबिंदू, टक्कर तपासायची पेटी, वळणाची त्रिज्या, पुढचे आणि मागचे सस्पेन्शन किती दबेल, जमिनीपासून उंची, डॅम्पिंग (उसळी किती लवकर शमेल), टनांमध्ये वजन, चाक घसरल्यावर घर्षण किती कमी होईल, पुढचा-मागचा घर्षणकोन, ब्रेकचा जोर, किती गिअर, वरच्या गिअरला रेडलाइनवर (इंजिनाच्या कमाल फेऱ्यांवर) वेग किती आणि त्या गिअरमधला प्रवेग किती, असे आकडे ओळीने येतात. प्रत्येक आकड्यापुढे तो काय आहे हे इंग्रजीत लिहिलेले आहे.

यातल्या तीन गोष्टींवर थांबा.

पहिली: सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताठरपणा फाइलमध्ये नाहीच. तिथे फक्त ‘किती दबेल’ हे अंतर आहे, आणि ताठरपणा वजनावरून काढला जातो. युनिटीत नवखे लोक बहुतेक वेळा उलटे करतात. स्प्रिंगच्या चौकटीत अंदाजाने ३५००० टाकतात, मग गाडीचे वजन बदलले की ती एकतर जमिनीला टेकते नाहीतर उड्या मारते. तुम्ही दबण्याचे अंतर ठरवा आणि बाकी हिशेबाने काढा. १२०० किलोची गाडी, चार चाके, म्हणजे प्रत्येकावर ३०० किलो. उभ्या गाडीचे सस्पेन्शन १० सेंटिमीटर दबावे असे हवे असेल तर ३०० × ९.८ ÷ ०.१, म्हणजे २९,४०० न्यूटन प्रति मीटर. क्रिटिकल डॅम्पिंग, म्हणजे गाडी एकदाही न डुलता स्थिर होईल एवढे, २ × √(२९४०० × ३००), म्हणजे साधारण ५,९४०. गाडी थोडी डुलायला हवी असेल तर याच्या ३० ते ५० टक्के ठेवा: १,८०० ते ३,०००. पूर्ण ५,९४० ठेवलेत तर गाडी मेल्यासारखी बसते आणि टकरीतली मजा जाते.

याचा फायदा कुठे होतो ते गेममध्येच दिसते. रस्त्यात पिंपे ठेवलेली असतात, आपटली की काहीतरी शक्ती मिळते. ‘सॉलिड ग्रॅनाइट कार’ मिळाली की तुमची गाडी थोडा वेळ प्रचंड जड होते आणि समोरचा उडतो. ‘जेली सस्पेन्शन’ मिळाले की ती लदलदते. एखादा आकडा थोडा वेळ बदलायचा आणि नंतर परत ठेवायचा, एवढ्यातून नवा खेळ उभा राहतो. पाया हिशेबावर बांधलेला असेल तरच हे जमते.

दुसरी गोष्ट: जडत्व (गाडी फिरवायला किंवा लोळवायला किती जोर लागेल ते) काढण्यासाठी रुंदी, लांबी आणि उंची वेगळी दिलेली आहे. ती गाडीच्या खऱ्या मापांएवढीच असली पाहिजे असे बंधन नाही. कारण कळायला गणित करा. १२०० किलो, १.८ मीटर रुंद, ४.२ लांब, १.३ उंच अशा भरीव पेटीचे उभ्या अक्षाभोवतीचे जडत्व १२०० ÷ १२ × (१.८² + ४.२²), म्हणजे सुमारे २,०९०. लांबीच्या अक्षाभोवती, म्हणजे कुशीवर लोळण्याच्या दिशेने, मात्र फक्त ४९३. चारपटीहून जास्त फरक. म्हणूनच प्रोजेक्टमधल्या गाड्या जरा कड लागली की कुशीवर पडतात. इलाज दोन: वस्तुमानाचा केंद्र चाकांच्या आसाच्या उंचीपर्यंत खाली आणा, आणि जडत्वाच्या हिशेबापुरती गाडी दीडपट रुंद धरा. दोन्ही एकदम फार केले तर गाडी कधीच उलटणार नाही, आणि टकरींच्या गेममध्ये न उलटणारी गाडी कंटाळवाणी. आधी केंद्र, मग गरज पडली तर रुंदी.

तिसरी गोष्ट म्हणजे मापाचा घोळ. मॉडेलमधला एक एकक म्हणजे ६.९ मीटर. मॉडेल ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणले की गाडी अर्ध्या-पाऊण एककाची दिसते आणि फाइल बिघडली असे वाटते. बिघडलेले काही नसते, ६.९ ने गुणा.

वेळेची पायरी

कार्मागेडनमध्ये भौतिकीचा हिशेब ठराविक अंतराने होतो. त्याची एक पायरी ०.०४ सेकंदाची, म्हणजे सेकंदाला २५. चित्र मंदावले तर एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त पाच पायऱ्या भरून काढायच्या, त्याहून मागे पडल्यास सोडून द्यायचे. चित्र काढताना मागच्या आणि पुढच्या पायरीच्या मधली जागा काढून गाडी दाखवायची. त्या काळच्या पेंटियमवर फ्रेमरेट सतत वरखाली होत असे, तरी गाडीचे वागणे बदलत नसे ते यामुळे. त्याच वर्षी आलेल्या ‘इंटरस्टेट ७६’ मध्ये भौतिकी फ्रेमरेटला बांधलेली होती. आज वेगवान संगणकावर तो चालवला तर उड्या जमत नाहीत आणि गाड्या विचित्र वागतात.

तुम्ही आज २५ वर थांबू नका. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर, एका पायरीत १.३३ मीटर. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या एका पायरीत २.६७ मीटर जवळ येतात. अर्ध्या मीटरची भिंत असेल तर गाडी आरपार जाईल. युनिटीत फिक्स्ड टाइमस्टेप मुळात ०.०२ असतो. टकरींच्या गेमला ०.०१ ठेवा, गाडीच्या रिजिडबॉडीला (भौतिकी लागू करणाऱ्या घटकाला) कंटिन्युअस डायनॅमिक (आरपार जाणे रोखणारी तपासणी) आणि इंटरपोलेट (पायऱ्यांमधली जागा दाखवणे) चालू करा. ‘मॅक्सिमम अलाउड टाइमस्टेप’ ०.०५ च्या आसपास बांधा. ही शेवटची गोष्ट विसरली की एक मोठी टक्कर, त्याने फ्रेम लांबते, लांबलेल्या फ्रेममुळे पुढच्या वेळी जास्त पायऱ्या, त्याने फ्रेम आणखी लांबते, आणि गेम गोठतो. पाच पायऱ्यांची मर्यादा याचसाठी होती.

नुकसान

गाडीला एकच आरोग्यपट्टी देणे सोपे. कार्मागेडनमध्ये बारा भाग वेगवेगळे मोडतात: इंजिन, ट्रान्समिशन, स्टिअरिंग, ड्रायव्हर, चार चाके आणि चार ब्रेक. ड्रायव्हरही एक भागच! टक्कर ज्या बाजूने बसली तिथले भाग जास्त मोडतात. म्हणून पाठीमागून हल्ला करणे आणि बोनेटवर हल्ला करणे यात फरक पडतो आणि खेळाडू आपोआप डावपेच शिकतो.

दिसणारी चेप वेगळ्या माहितीवर चालते. मॉडेलमधले काही बिंदू चेपण्यासाठी निवडलेले असतात. प्रत्येकाला कुठपर्यंत सरकायचे याची मर्यादा असते, आणि तो सरकला की शेजारचे कोणते बिंदू किती सरकतील तेही लिहिलेले असते. दुरुस्ती म्हणजे बिंदू मूळ जागी नेणे. बॅकस्पेस दाबल्यावर पत्रा फुगत सरळ होताना दिसतो तो असा. युनिटीत मेशचे (मॉडेलच्या जाळीचे) व्हर्टेक्स, म्हणजे बिंदू, सरकवून हेच होते. मेश कोलायडर (टक्कर तपासण्यासाठीची जाळी) मात्र दर टकरीला नव्याने बनवू नका, ते फार महाग पडते. टक्कर पेट्यांवरच तपासा, चेप फक्त डोळ्यांसाठी. मर्यादा न घालता नुसते टकरीच्या दिशेने बिंदू ढकलले तर दहाव्या टकरीला गाडीतून काटे बाहेर येतात. हा प्रकार प्रोजेक्टच्या डेमोमध्ये हमखास दिसतो.

शत्रू

शर्यतीच्या फाइलमध्ये बिंदूंचे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांचे जाळे असते आणि पाच प्रतिस्पर्धी त्यावरून फिरतात. प्रत्येकाला एका वेळी एक हेतू असतो: शर्यत पूर्ण कर, खेळाडूला गाठून ठोक, पळून जा, आणि असेच काही. कोडमधली या हेतूंची मूळ नावे छापण्याजोगी नाहीत. खरी युक्ती पुढे आहे. खेळाडूपासून लांब गेलेल्या गाडीची भौतिकी बंदच केली जाते आणि ती नुसती वाटेवरून सरकवली जाते. जवळ आली की पुन्हा खरी होते. पाच गाड्यांची पूर्ण भौतिकी त्या काळच्या प्रोसेसरला झेपणारी नव्हती. मोबाइलवर काढणार असाल तर तुम्हालाही हेच करावे लागेल. अडचण एकच येते: ‘खरी’ होण्याच्या क्षणी गाडी जमिनीत रुतलेली निघते. चालू करण्याआधी वरून खाली रेकास्ट (जमीन शोधणारी काल्पनिक रेषा) टाकून उंची बसवा आणि वाटेवरचा वेग तिला द्या.

वेळ हेच चलन

शर्यत तीन प्रकारे जिंकता येते: सगळे चेकपॉइंट पूर्ण करून, सगळे प्रतिस्पर्धी मोडून, किंवा नकाशावरचे सगळे पादचारी मारून. घड्याळ उलटे चालते आणि चेकपॉइंट, टकरी आणि पादचारी या तिन्हींतून सेकंद मिळतात. त्यामुळे शर्यत न धावता नुसते भटकणेही परवडते. खेळाडू ९९ व्या क्रमांकावरून वर चढत जातो आणि क्रेडिटमधून चिलखत, ताकद व मारक्षमता विकत घेतो. पहिल्या काही शर्यतींत पैसे चिलखतावर घाला. हलकी वेगवान गाडी टकरीत दुरुस्तीच्या खर्चानेच दिवाळखोर होते. गेम बनवणाऱ्याने घ्यायचा धडा मात्र वेगळा आहे. तिन्ही मार्गांना एकच चलन ठेवले म्हणून समतोल साधणे सोपे झाले. नाहीतर तीन वेगळे मोड करावे लागले असते आणि प्रत्येकाची चाचणी वेगळी.

बनला कसा आणि गदारोळ कशाचा

बनवणारी कंपनी स्टेनलेस सॉफ्टवेअर, इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावरची. पॅट्रिक बकलँड आणि नील बार्नडेन यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली. बकलँड यांचे नाव त्याआधी मॅकवरच्या ‘क्रिस्टल क्वेस्ट’मुळे माहीत होते. सुरुवात झाली ती गाड्या एकमेकांवर घालायच्या शर्यतीच्या एका डेमोपासून. प्रकाशक एससीआयला एखाद्या ओळखीच्या चित्रपटाचे नाव हवे होते. ‘मॅड मॅक्स’चे हक्क जमले नाहीत. मग ‘डेथ रेस २०००’ या १९७५ च्या चित्रपटाच्या पुढच्या भागाचे ठरले, तेही बारगळले. पण त्या चित्रपटातली पादचारी उडवून गुण मिळवण्याची कल्पना गेममध्ये राहून गेली. वर उल्लेख केलेल्या प्रकल्पाचे ‘डेथरेस’ हे नावही तिथलेच. याच कल्पनेवर १९७६ मध्ये एक्सिडी कंपनीच्या ‘डेथ रेस’ या आर्केड यंत्राने अमेरिकेत गहजब माजवला होता. तिथे पडद्यावर काड्यांसारख्या पांढऱ्या आकृत्या होत्या, तरीही.

ब्रिटनमध्ये गेमांना सहसा चित्रपटांच्या मंडळाकडे जावे लागत नसे. एससीआयने हा गेम ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म क्लासिफिकेशनकडे नेला आणि मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. मग ब्रिटनमध्ये माणसांऐवजी हिरव्या रक्ताचे झाँबी आले, जर्मनीत काळे तेल सांडणारे रोबो. ब्राझीलने सरळ बंदीच घातली. अपिलात ब्रिटनचा निर्णय फिरला आणि मूळ आवृत्ती विकता आली. त्याआधीच रक्त परत आणणारा छोटा पॅच इंटरनेटवर फिरत होता. एवढा सोपा पॅच शक्य झाला कारण पादचारी त्रिमितीय नव्हतेच, ते सपाट स्प्राइट, म्हणजे द्विमितीय चित्रे, होते. चित्रे बदलली की माणसाचा झाँबी.

गेमच्या समीक्षा चांगल्या आल्या, विशेषतः ब्रिटिश मासिकांत. कौतुक झाले ते भौतिकीचे, मोकळ्या नकाशाचे आणि कधीही मागे नेऊन पाहता येणाऱ्या ॲक्शन रीप्लेचे. फिअर फॅक्टरी बँडच्या गाण्यांच्या बिनशब्दांच्या आवृत्त्या पार्श्वसंगीताला होत्या, त्याही गाजल्या. टीका झाली ती मुख्यतः जुनाट दिसणाऱ्या ग्राफिक्सवर. ती रास्तही होती.

पुढची गोष्ट जास्त शिकवणारी. १९९८ च्या दुसऱ्या भागात पादचारी त्रिमितीय झाले आणि गाड्यांचे तुकडे पडू लागले. २००० चा तिसरा भाग ऑस्ट्रेलियातल्या टोरस गेम्सने केला, आणि गाडीचे वजन जाणवेनासे झाले. निन्टेंडो ६४ वरची आवृत्ती तर त्या यंत्रावरच्या सर्वात वाईट गेमांत मोजली जाते. नाव, कल्पना सगळे तेच असून हे झाले, यावरून खरा माल कशात होता ते समजा. २०११ मध्ये स्टेनलेसने हक्क परत मिळवले. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ४,००,००० डॉलर मागितले आणि ६,२५,१४३ मिळाले. त्यातून झालेला नवा भाग ‘रीइन्कार्नेशन’ २०१४ मध्ये अपूर्ण स्वरूपात, अर्लीअ‍ॅक्सेसमध्ये आणि २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. गाड्यांचे चेपणे त्यात अप्रतिम आहे, अगदी गाडी मधोमध दुभंगते. पण चांगल्या संगणकांवरही तो अडखळत होता आणि समीक्षकांनी नेमके तेच धरले. २०१६ च्या ‘मॅक्स डॅमेज’ या त्याच्याच सुधारित आवृत्तीत कामगिरी सुधारली, तोवर उत्साह ओसरला होता. चेपण्याचा खर्च पहिल्या आठवड्यापासून प्रोफाइलरमध्ये (कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या अवजारात) मोजा, सहा गाड्या एकत्र आदळवून. शेवटी मोजायला घेतलात तर कापण्यासारखे काही हाती उरत नाही.

वादाचा तुमच्याशी संबंध आहे, तोही व्यवहाराचा. गेम प्ले स्टोअरवर टाकताना आयएआरसी या वयोगट ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची प्रश्नावली भरावी लागते, आणि तीत हिंसा माणसासारख्या पात्रांवर आहे की काल्पनिक जिवांवर, रक्त दिसते का, हे विचारले जाते. उत्तरावर वयोगट ठरतो. पादचारी ठेवणारच असाल तर त्यांची चित्रे आणि रक्ताचे कण एका वेगळ्या फोल्डरमध्ये, एका स्विचवर ठेवा. मग झाँबी, रोबो किंवा वाटेतली मडकी अशी कोणतीही आवृत्ती कोडला हात न लावता काढता येईल. कॉलेजच्या सादरीकरणासाठी मडक्यांची आवृत्ती आधी तयार करा.